डोळे मिटले की दुःख मिटतं?

तेराव्यापर्यंत घरात माणसं असतात. मग पांगापांग होते आणि फोनवरून सल्ले सुरू होतात. ‘जरा ध्यानाला बसत जा, मन शांत होईल,’ हा त्यातला हमखास सल्ला. सल्ला वाईट नाही, पण त्याच्या पोटात काही समजुती दडलेल्या असतात. त्यापायी आधीच खचलेल्या माणसाला वाटू लागतं, की आपल्याला धड दुःखही करता येत नाही.

समज : शांत बसलं की दुःख कमी होतं.

सुरुवातीला अनेकांना उलटाच अनुभव येतो. मृत्यूचा दाखला, बँक, वारसांची नावं यांत दिवसभर मन गुंतलेलं असतं. ते थांबलं की दवाखान्यातली शेवटची रात्र समोर उभी राहते. याचा अर्थ ध्यान फसलं असा नाही. ध्यानाच्या अनेक पद्धतींत मन रिकामं करणं अपेक्षितच नसतं. जे वर येतंय ते ओळखायचं आणि ढकलून द्यायचं नाही, एवढंच. रडू आलं तर रडावं. श्वास सावकाश, लांबवून सोडला तर हृदयाचे ठोके जरा मंदावतात, शरीराला तेवढा विसावा मिळतो. पण श्वासाकडे लक्ष देऊन धडधड वाढतच असेल तर तो हट्ट सोडावा. डोळे उघडे ठेवून, तळपायांना फरशीचा गारवा जाणवू देत पाच मिनिटं बसावं. तेही जमेना तर अंगणात हळूहळू चालावं.

समज : अध्यात्म पक्कं असेल तर माणूस रडत नाही.

हा मला सगळ्यांत क्रूर वाटतो, कारण तो भक्तीच्या आडून येतो. 1296 साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग वाचावेत. त्यांत नामदेव शोकाने व्याकूळ आहेत, आणि ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू व गुरू असलेले निवृत्तीनाथही. वारकरी परंपरेने हा शोक लपवला नाही, सातशे वर्षं गायला. मग ‘रडू नका, जाणाऱ्याच्या जिवाला त्रास होतो’ असं कुणा विधवेला कशासाठी ऐकवायचं?

बौद्ध परंपरेतली किसा गोतमीची कथाही इथे आठवावी. मेलेलं मूल उराशी धरून ती औषध मागत फिरत होती. बुद्धांनी तिला डोळे मिटून बसायला सांगितलं नाही. ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरून मोहरी आणायला सांगितलं. ती दारोदार गेली, प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलेलं होतं. मूल मेलंय हे तिने स्वीकारलं ते त्यानंतर. एकांताची पाळी लोकांमध्ये जाऊन आल्यावर आली.

समज : दुःख पाच पायऱ्या चढून स्वीकारापर्यंत पोचतं.

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार ही यादी एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पुस्तकातली. त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या; मागे राहिलेल्यांना ती यादी पुढे चिकटली. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट यांनी 1999 मध्ये मांडलेलं चित्र रोजच्या अनुभवाच्या जास्त जवळचं आहे. त्यांच्या मते माणूस दुःखात जातो, बाहेर येऊन किराणा भरतो, पुन्हा आत जातो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. स्वस्थ बसणं हा तिचा अर्धा भाग झाला. टीव्हीवरच्या विनोदाला हसू आलं तर तो उरलेला अर्धा. त्यात गेलेल्या माणसाशी बेइमानी नाही.

समज : दहा दिवसांचं मौन शिबिर केलं की माणूस मोकळा होतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या विपश्यना केंद्रांत पहाटे चारला उठून दिवसाला दहा तासांच्या आसपास साधना असते. फोन नाही, वाचन-लेखन नाही. अनेकांना त्याचा लाभ होतो. मात्र ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची जागा घेत नाही, हे त्या परंपरेतच स्पष्ट सांगतात. सघन ध्यानात काहींना भीती, निद्रानाश असे त्रास होतात, हेही संशोधनात नोंदलं गेलं आहे. दुःख ताजं असताना, झोप उडालेली असताना थेट तिथे जाऊ नये, असं माझं मत.

समज : वर्षश्राद्ध झालं, आता पुरे.

आठवण येणं, सणाला पोटात कालवणं याला मुदत नसते. वैद्यकशास्त्र वेगळ्या गोष्टीला आजार म्हणतं : जवळजवळ रोज तीव्र ओढ किंवा आठवणींचा वेढा, आणि त्यामुळे जगणंच अडलेलं. अमेरिकी मनोविकार नियमावलीच्या 2022 च्या आवृत्तीत त्यासाठी प्रौढांना किमान बारा महिन्यांची अट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांची. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र महिने मोजत बसू नये. घरात कुणाला तरी तसं स्पष्ट सांगावं आणि 14416 या ‘टेली मानस’ मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.