खिशात तीन लाख, मनात जपान

स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७ ही नावे आज तिरोड्यासारख्या गावातल्या बारावीच्या मुलालाही पाठ असतात. मोबाइलवरच्या शर्यतींनी आणि चित्रपटांनी ती घरोघरी पोचवली. मग यांपैकी एखादी जुनी गाडी थेट जपानहून आणता येईल का, असा प्रश्न पडणारच. स्टिअरिंग तिकडेही उजवीकडे आणि इथेही उजवीकडे. जपानमध्ये नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी होते. तिचा खर्च टाळण्यासाठी लोक धडधाकट गाड्याही लवकर विकतात. लिलावातून त्या केनिया, पाकिस्तान, श्रीलंका, न्यूझीलंड अशा देशांत जातात.

भारतात मात्र हा रस्ता बंद आहे. तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार सामान्य खरेदीदाराला आयात करता येत नाही, आणि त्याहून नवी आणली तर मूळ किमतीपेक्षा कर मोठा होतो. अमेरिकेत उलटे आहे. तिथे गाडीला पंचवीस वर्षे झाली की आयातीचे सुरक्षा-नियम शिथिल होतात. त्यामुळे १९८९ची स्कायलाइन जीटी-आर २०१४ मध्ये तिथे रस्त्यावर आली. आपल्याकडे तशी सोय नाही. तीन लाखांत जपानी धाव हवी असेल, तर ती भारतात बनलेल्या जपानी गाड्यांतच शोधावी लागते.

ही तडजोड आहे असे मला वाटत नाही. १९९४ ते २०१२ या काळात मारुती, होंडा आणि मित्सुबिशी यांनी इथे ज्या गाड्या विकल्या, त्यांतल्या काही खरोखर वेगाच्या वेडातून जन्मल्या होत्या. त्यांतली पहिली एस्टीम. १.३ लिटरचे इंजिन, पुढच्या एमपीएफआय आवृत्तीत ८५ अश्वशक्ती आणि वजन नऊशे किलोच्या आत. शक्तीला वजनाने भागले, तर ती आजच्या कित्येक चकचकीत एसयूव्हींना मागे टाकते. तिच्या वरची बलेनो सेडान १९९९ मध्ये आली. १.६ लिटर, नव्वदच्या वर अश्वशक्ती. नव्यात ती महाग म्हणून फारशी खपली नाही, २००७ मध्ये बंद झाली, आणि आज जाणकार तिच्या मागे असतात.

पण या पिढीची राणी म्हणजे २००० ते २००३ या काळातली होंडा सिटी व्हीटेक. १.५ लिटरमधून १०६ अश्वशक्ती. व्हीटेक ही होंडाने १९८९ मध्ये इंटिग्रा गाडीत प्रथम दिलेली रचना. इंजिन हळू फिरते तेव्हा व्हॉल्व्ह कमी उघडतात. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि कॅमशाफ्टचा मोठा उंचवटा कामाला लागतो. व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडे राहतात, गाडीचा आवाज बदलतो आणि ती पुढे झेपावते. सगळा खेळ तेलाच्या दाबाचा आहे. ज्या मालकाने तेल वेळेवर बदलले नाही, त्याच्या गाडीत व्हीटेकच्या सोलेनॉइडची बारीक जाळी गाळाने भरते आणि व्हीटेक नावापुरते उरते. म्हणून ही गाडी बघताना ती चार-पाच हजार फेऱ्यांच्या पुढे नेऊन बघावी. बाजारात गल्लीतली एक चक्कर मारून सौदा करतात, त्यात हे कधीच कळत नाही.

२००३ मध्ये सिटीचे नवे रूप आले, तेव्हा इंजिन मायलेजसाठी बदलले आणि शक्ती ७७वर आली. नाव तेच, स्वभाव वेगळा. विकणारा दोन्हींना ‘सिटी’च म्हणतो. इंजिनावर काय लिहिले आहे ते वाचूनच पुढे बोलावे.

मित्सुबिशीची लॅन्सर १९९८ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरला बनवायला घेतली. २००६ मध्ये दोन लिटरची सेडिया आली, ११५ अश्वशक्तीची. भारतीय रॅलीत एमआरएफच्या संघाने ती गाजवली. तिचे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन मला या यादीत सर्वांत आवडते. तरी तिरोड्याच्या माणसाला मी ती सुचवणार नाही. कंपनीचा इथला कारभार आटोपल्यापासून तिचे सुटे भाग शोधणे हाच एक व्यवसाय होऊन बसतो. एक बंपर किंवा एक सेन्सर मिळेपर्यंत गाडी महिनोन्महिने अंगणात उभी राहू शकते.

तिरोडा नागपूर-हावडा लोहमार्गावरचे गाव. गोंदिया तीसेक किलोमीटर, नागपूर शंभरच्या पुढे. २०१२ ते २०१४ दरम्यान ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा राहिला आणि गावात पगारदार तरुण वाढले. पण गाव मोठे झाले म्हणून जुन्या होंडाचा मिस्त्री येत नाही. मारुतीचे काम इथला कोणताही हुशार मिस्त्री करतो. होंडासाठी नागपूर गाठावे लागते, आणि गाडी बंद पडली तर टोइंगचे भाडेच हिशोब बिघडवते. चोरखमारा गेटकडून नागझिऱ्याकडे जाणारे रस्ते, पावसात धानाच्या बांध्यांमधून जाणारे गावरस्ते, उन्हाळ्यात पंचेचाळिसाच्या घरात जाणारा पारा, हे सगळे गाडी निवडताना मोजायचे.

म्हणूनच २००६ ते २०१२ची होंडा सिव्हिक इथे अडते. १.८ लिटर, एकशेतीसच्या आसपास अश्वशक्ती, आणि दिसायला अजूनही ताजी. पण पोट खाली आहे. चार माणसे बसली की गतिरोधकावर घासते. शिवाय होंडाच्या त्या काळातल्या अनेक गाड्या टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे परत बोलावल्या होत्या. भारतात २०१६ मध्ये एकट्या होंडाने सुमारे १.९ लाख गाड्या बोलावल्या, त्यांत सिव्हिक आणि सिटी दोन्ही होत्या. चेसिस नंबर देऊन अधिकृत केंद्रात विचारा की एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलला का. ही जिवाची गोष्ट आहे, सौद्याची नाही.

आता ऑगस्ट २०२० आठवा. वैनगंगेच्या पुराने भंडारा-गोंदियाच्या काठावरची घरे बुडाली, अंगणातल्या गाड्याही. अशी गाडी धुऊन, रंगवून बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ दिसते. कार्पेट उचला, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघा, डॅशबोर्डखालचा कुबट वास घ्या. तीच वेळ टायर बघण्याची. बाजूला चार आकडे असतात, १४२१ म्हणजे २०२१चा चौदावा आठवडा. सिटी व्हीटेक, बलेनो, लॅन्सर आणि जुन्या १.३ स्विफ्टमध्ये टायमिंग बेल्ट आहे. होंडात तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेडचे काम निघते. बदलल्याची पावती नसेल, तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

पेट्रोलही बदलले आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इंधनाचे रबरी पाइप आणि सील आधी बदलून घ्यावेत, आणि इथेनॉल ओलावा ओढते म्हणून पावसाळाभर गाडी उभी ठेवू नये.

कागदांत माणसे सर्वांत जास्त फसतात. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे येतात. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हे हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बालाघाट किंवा राजनांदगावची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवा एमएच-३५ क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी दहा हजार रुपये फी आहे. व्हीटेक सिटीने ती मर्यादा केव्हाच ओलांडली. मागच्या मालकाने मोठे सायलेन्सर किंवा दुसरे इंजिन बसवले असेल आणि आरसी बुकात त्याची नोंद नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी फिटनेस अडते.

घरात एकच गाडी असणार असेल, तर माझा कौल स्विफ्टला. १.३ लिटर, ८७ अश्वशक्तीची २००५ ते २०१०ची स्विफ्ट वळणावर अजूनही हसू आणते. पण २०११ नंतरची १.२ लिटरची स्विफ्ट हलकी आहे, तिच्यात बेल्टऐवजी चेन आहे आणि नोंदणीही जास्त दिवस चालते. म्हणून तीच घ्या. घरी दुसरी भरवशाची गाडी उभी असेल आणि मन व्हीटेकवरच बसले असेल, तर खुशाल सिटी घ्या. मात्र तीन लाखांतला एक लाख खरेदीत घालू नका. तो बेल्ट, टायर, सस्पेन्शनचे बुश आणि नूतनीकरण यांसाठी राखून ठेवा, आणि गाडी पाहायला जाताना आपला मिस्त्री सोबत न्या.