उन्हाळ्याचा आकडा रात्रीचा हवा

हवामान खात्याच्या इशाऱ्यांत 'उष्ण रात्र' हे शब्द आता वारंवार दिसतात. दिवसाचा पारा 40 अंशांवर आणि रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त, हा त्याचा निकष. मथळा मात्र अजूनही दुपारच्या आकड्याचाच होतो. दुपारी माणूस सावली शोधतो, पाणी पितो. रात्री झोपेत तो काहीच करत नाही. जे करायचं ते शरीर एकटं करतं.

झोप लागायची तर शरीर आतून निवावं लागतं. संध्याकाळनंतर मेंदूतलं हायपोथॅलॅमस तापमानाची पातळी खाली आणू लागतं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीर दिवसापेक्षा साधारण एका अंशाने थंड असतं. त्यासाठी तळहात-तळपायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब तिथून बाहेर पडते. ज्यांचे हातपाय लवकर उबदार होतात त्यांना झोपही लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी 1999 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. पण खोलीच तापलेली असेल तर ही वाट अडते आणि उरतो तो घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो, वाळला तरच. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो वाळतो. पावसाआधीच्या दमट उकाड्यात नुसता ओघळतो. मीठ-पाणी जातं, गारवा मिळत नाही.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इटलीतल्या बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ पिएर लुइजी पार्मेजानी यांचं काम. साठच्या दशकात त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. गाढ झोपेत मांजर थंडीत कुडकुडत होतं, उष्म्यात धापा टाकत होतं. स्वप्नांची झोप, म्हणजे 'रेम', सुरू झाली की दोन्ही थांबत. माणसाचा घाम या काळात पूर्ण थांबत नाही, पण बराच कमी होतो. रेम झोप जास्त करून रात्रीच्या उत्तरार्धात येते. म्हणजे पहाटेपर्यंत खोली निवलीच नाही, तर शरीराचं संरक्षण ढिलं असतानाच उष्णता अंगावर असते. मग मेंदू ती झोपच मोडतो.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, सायखेड्याच्या गोदाकाठी, हा रात्रीच्या उष्णतेचा प्रश्न फार जवळचा आहे. अंगणात बाज टाकून उघड्या आभाळाखाली झोपणं हा उष्णता टाकण्याचा उत्तम मार्ग. पण उसात बिबट्या असताना मळ्यात बाहेर कोण झोपणार? दारं लावून स्लॅबखाली झोपायचं, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो. पत्रा त्या मानाने लवकर निवतो. पण द्राक्षबागांच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मजुराला पहाटेच उठायचं असतं. त्याच्या रात्रीचा पहिला भाग तिथे उकडण्यातच जातो.

हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचं किमान तापमान पहिल्या पानावर येतं. थंडीने द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून बागांत शेकोट्या पेटतात, रात्री ठिबक चालू होतं. वेलीसाठी रात्रीचा पारा पाहणारा हा तालुका आहे. मे महिन्यातही तोच किमान आकडा रोज छापला पाहिजे आणि उष्माघाताच्या सरकारी आराखड्यांत सावली-पाण्याइतकीच जागा झोपायच्या ठिकाणाला मिळाली पाहिजे.

तोवर स्लॅबला उन्हाळ्याआधी पांढरा चुना द्यावा. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करावी. कातडीकडे रक्त येतं आणि आतली ऊब बाहेर पडते. पंख्याचा वारा घाम वाळवतो, पण खोलीतली हवाच 40 अंशांच्या पुढे असेल तर तो उलट तापवतो. आणि एक वेगळी गोष्ट: हवा गार असूनही रोज रात्री कपडे भिजत असतील, सोबत संध्याकाळचा ताप किंवा घटतं वजन असेल, तर त्याला उकाडा समजू नये, क्षयरोगाची तपासणी करावी. इन्सुलिन घेणाऱ्याला रात्री दरदरून घाम फुटला, तर आधी साखर तपासावी.