तीनदा वाढवलं, तरी एकच?

मागच्या वेळी आपण रिअ‍ॅक्टमध्ये बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो, एवढं करून पाहिलं. आज त्याच बटणाच्या फंक्शनमध्ये ‘सेटकाउंट(काउंट + १)’ ही ओळ एकाखाली एक तीनदा लिहू. आकडा आत्ता ० आहे. बटण दाबल्यावर किती होईल? बरेच जण ३ म्हणताय. होतो १. आम्हीही पहिल्यांदा अर्धा दिवस चूक शोधत बसलो होतो, आणि चूक रिअ‍ॅक्टची नव्हतीच.

आता बघा, कंपोनंट म्हणजे शेवटी एक फंक्शन. ते चालतं तेव्हा त्याच्या हाती त्या क्षणाच्या स्टेटचा जणू फोटो येतो. फोटोत काउंट ० आहे आणि तो ०च राहणार. म्हणून तिन्ही ओळी एकच सांगतात: पुढच्या वेळी १ ठेव. बटणाचं काम संपलं की रिअ‍ॅक्ट कंपोनंट पुन्हा चालवतं, नवा फोटो निघतो, आणि पानावर जेवढं बदललं तेवढंच बदलतं. ३ हवेत तर सेटकाउंटला आकडा देऊ नका, छोटं फंक्शन द्या: आधी जे असेल त्यात १ मिळव.

हे एवढं घोळवतोय, कारण फ्रेमवर्क जातातही. अँग्युलरजेएसला गूगलचा आधार २०२१ अखेर संपला. ज्यांनी नुसती वाक्यरचना पाठ केली होती, त्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

आता सेटकाउंटच्या लगेच खालच्या ओळीत काउंट कन्सोलवर छापून बघा. काय दिसतं ते सांगा, मग प्रश्न घेऊ.