पांढरा फेस करडा का होतो?

किनवट तालुक्यातील इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा तुम्ही पाहिला असेल. काळ्या खडकांवरून पैनगंगेचा शुभ्र फेस कोसळतो. पण छायाचित्रात तो कधी करडा, तर कधी नुसता पांढरा डाग दिसतो. असे का?

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला रंग कळत नाही. मोजलेला भाग मध्यम करडा, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा आहे, असे तो समजतो. चौकटीत खडक जास्त असताना सरासरी मापन निवडले, तर प्रकाश जास्त घेतला जातो. संवेदक भरलेल्या घागरीसारखा ओसंडतो. फेसातील गेलेले बारकावे पुन्हा मिळत नाहीत. उलट, बिंदुमापनाने फेसच मोजला, तर तो करडा उमटतो.

मग उपाय? फेसावर बिंदुमापन करा आणि प्रकाश दीड स्टॉपने वाढवा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. मोजणे यंत्राचे, ठरवणे तुमचे!