ल्यों: एक महानगर, दोन कामं

आता ल्योंकडे वळू. रोन आणि सोन या नद्यांच्या संगमावरचं शहर. क्र्वा-रूसच्या टेकडीवर रेशमाचे माग होते. दक्षिणेला रोनच्या काठाने रसायनांचे कारखाने. फ्रान्समध्ये गाव असो की शहर, प्रत्येक कम्यूनला स्वतःचा महापौर. म्हणजे बघा, कारखाना एका कम्यूनमध्ये, कामगार राहणार दुसऱ्यात! रस्ते, पाणी, कचरा वाटून कसं चालेल? म्हणून १९६९ मध्ये या कम्यूनची मिळून एक संस्था उभी राहिली.

पण गरिबांचं अनुदान, अनाथ मुलांची देखभाल ही कामं देपार्तमांकडे, साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या पातळीवर. समाजवादी महापौर जेरार कोलों आणि देपार्तमांचे मध्यममार्गी अध्यक्ष मिशेल मर्सिए यांनी तोडगा काढला. १ जानेवारी २०१५ पासून महानगराच्या हद्दीत देपार्तमां उरलंच नाही. दोन्ही कामं एकाच तिजोरीतून. (विमानतळ मात्र हद्दीबाहेर!)

खरी खळखळ झाली २०२० ला. त्याआधी प्रत्येक कम्यूनला परिषदेत निदान एक जागा होती. आता १४ मतदारसंघांतून १५० सदस्य थेट निवडून येतात. मतदाराला थेट हक्क मिळाला, हे मला योग्यच वाटतं. पण काही छोट्या कम्यूनचा स्वतःचा माणूस आत नाही. महापौरांची वेगळी बैठक आहे, ती फक्त सल्ला देते. कचरा उचलला नाही तर लोक दार वाजवतात ते मात्र याच महापौराचं.