पाळणाघर : सांभाळण्याची जागा की शिकण्याची?

‘पाळणाघर’ या शब्दात पाळणा आहे, घर आहे. शिक्षण मात्र नाही. आई-वडील कामावर असताना मूल सुखरूप राहावे, वेळेवर जेवावे, झोपावे, एवढीच अपेक्षा. मूल तीन वर्षांचे झाले की दुसरी मागणी येते : ‘आता थोडं लिहायलाही शिकवा.’ या दोन्हींच्या मध्ये मुलाचा खेळ राहून जातो. मी शिक्षणशास्त्राची पदवीधर नाही. बालशिक्षणावरची जुनी पुस्तके वाचून आणि ओळखीच्या घरगुती पाळणाघरांत तासन्‌तास बसून जे समजले, ते येथे मांडते.

या विचाराचा उगमच पाळणाघरासारख्या जागेत आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया माँटेसोरींनी ‘बालगृह’ सुरू केले. आई-बाप कामावर गेल्यावर चाळीत मोकाट फिरणारी मुले कोठेतरी सांभाळली जावीत, हा घरमालकांचा हेतू होता. माँटेसोरींनी तिथे मुलांना शिकवण्याआधी त्यांचे निरीक्षण केले. हाताला काम मिळाले की लहान मूलही किती वेळ एकाग्र होते, हे तिथे दिसले.

आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. पुढे १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढले. पण महागडी साधने खेड्यात कशी न्यायची, हा प्रश्न उरलाच. १९४५ मध्ये बोर्डीला, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी त्याचे उत्तर शोधले : बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, माती हीच साधने. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे ही हकिगत आहे. सरकारी अंगणवाड्यांची योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

बोर्डीत जे मुद्दाम गोळा करावे लागले, ते घरगुती पाळणाघरात आयतेच असते. वाट्या, डबे, कडधान्ये, बादली, वाळत घातलेले कपडे. साडेतीन वर्षांचा मुलगा उंच पेल्यातले पाणी पसरट वाटीत ओततो. सांडते. पुन्हा ओततो. ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले, की साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला उंच भांड्यात पाणी ‘जास्त’ वाटते. भांडे बदलले तरी पाणी तेवढेच, हे त्याला नुसते सांगून सहसा पटत नाही. अशा ओतण्या-सांडण्यातून ती समज हळूहळू तयार होते. मटकीतून चवळी वेगळी करताना वर्गीकरण होते, आणि पुढे पेन्सिल धरायची ती बोटेही तयार होतात. त्या वयात मनगटाची हाडे पूर्ण भरलेली नसतात. मग पेन्सिलीची घाई कशासाठी?

भातुकलीचे मोल याहून मोठे आहे. ‘आई’ झालेली मुलगी पाहुण्यांना वाढून झाल्याशिवाय स्वतः खात नाही. एरवी क्षणभर न थांबणारी ती, खेळाचा नियम म्हणून थांबते. खेळात मूल आपल्या वयाच्या पुढे चालते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की म्हणत, ते या अर्थाने.

मुलाने वाट दाखवायची म्हणजे मोठ्यांनी अंग काढून घ्यायचे, असे मात्र नाही. सांभाळणाऱ्या ताईंचे काम उलट वाढते. घशात अडकतील असे दाणे लहानग्यांपासून दूर ठेवणे, बादलीजवळ स्वतः बसणे. मग हळूच तिसरे भांडे पुढे सरकवणे, ‘यात किती पेले मावतील?’ एवढे विचारणे, आणि उत्तरासाठी थांबणे. हे थांबणे सर्वांत अवघड. एका ताईंकडे आठ-दहा मुले असतील तर ते जमत नाही, म्हणून संख्या मर्यादित ठेवणे हा या पद्धतीचा कणाच आहे.

अडचण पैशाची आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला स्थान दिले. पण पाळणाघराची फी धोरण भरत नाही, पालक भरतात. संध्याकाळी वहीत ‘अ आ इ’ दिसली नाही, की ‘नुसती खेळतात’ असा शेरा मिळतो आणि मूल दुसरीकडे जाते. मग बादली आत जाते, वही बाहेर येते. ज्या बाईला मूल नेमके कळलेले असते, तिलाच ते कळणे बाजूला ठेवावे लागते.

म्हणून पालकांनी संध्याकाळचा एक प्रश्न बदलावा. ‘आज काय शिकवलंत?’ऐवजी ‘आज कशात रमला होता?’ असे विचारावे. याचे उत्तर द्यायला ताईंना मुलाकडे दिवसभर नीट पाहावे लागेल. आणि आपले पाहणे कोणीतरी विचारते आहे, हेही त्यांना समजेल.