कळलावी : फूल बघा, कंद उकरू नका

पावसाळ्यात कुंपणावर, करवंदीच्या जाळीत कळलावीचा वेल चढतो. पानांची टोकंच गुंडाळून तो आधार धरतो. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक. म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. फूल देखणंच आहे. आमचं भांडण आहे ते जमिनीखालच्या कंदाशी.

नावातच सगळं आलं, कळ लावणारी. नांगराच्या फाळासारखा हा कंद उगाळून अडलेल्या बाईच्या बेंबीभोवती, तळहाता-तळपायांना लेप द्यायचा, कुठे पोटातही द्यायचा, ही जुनी रीत. “गावाहून कंद मागवू का?” असं विचारणाऱ्या सासवा आम्हाला अजून भेटतात.

ज्या घरात आपल्याला पाणी मिळत नव्हतं, त्या घरातल्या लेकरांची नाळही आपल्याच आज्या-पणज्यांनी कापली. त्यांच्या हातांना आमचा मान आहे. पण त्यांच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं, म्हणून कंद होता. मूल आडवं असेल तर कळा वाढवून ते सुटत नाही, पिशवी फाटते. दवाखान्यात कळांचं औषध थेंब मोजून देतात, बाळाचे ठोके तपासत राहतात. कंदाचा थेंब कोण मोजणार?

त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. पोटात गेलं की काही तासांत उलट्या, जुलाब, पोटात आग. मग उलट्या थांबतात, माणूस सावरल्यासारखा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. खरा घात पुढच्या दोन-तीन दिवसांत होतो : रक्तातल्या पेशी घटतात, मूत्रपिंडं आणि हृदय थकतं. वाचलेल्यांचे केस पुढे झडतात. यावर दवाखान्यात मिळणारा खास उतारा नाही. पोरं रताळं समजून कंद चावतात, तेव्हाही हेच.

1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी ही जबाबदारी मुळात सरकारची आहे असं बजावलं होतं. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, ने-आण सगळं मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

कळा सुरू झाल्या की 102 लावा. कंद कोणाच्या पोटात गेला असेल तर 108. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उरलेला कंद पिशवीत घालून सोबत न्या, किती वाजता खाल्ला ते डॉक्टरांना सांगा, आणि बरं वाटतंय म्हणून पेशंटला घरी आणू नका.